बोंडीच्या खुब्याचं औषध

कापसाच्या आवारात चार वर्षं काढली की अंगाला दोन गोष्टी चिकटतात. एक रुईचे तंतू आणि दुसरे किस्से. तंतू अंघोळीनं जातात. किस्से मात्र जात नाहीत! एक सांगायला घ्यावा तर त्याच्या मागून दुसरा येतो, दुसऱ्याला थांबवावं तर तिसरा दारात उभा असतो. आता लढायांचे, दरबाराचे, साधुपुरुषांचे किस्से सांगणारे गावात पुष्कळ आहेत. माझे किस्से एका कुत्रीच्या दुखण्याचे आहेत. ज्याला हे ऐकणं कमीपणाचं वाटत असेल त्यानं खुशाल उठावं, पान खावं आणि घरी जावं. मी थांबवणार नाही.

राहिलात ना? मग ऐका.

मी पुंजाजी, मूळचा चांदूर बाजारकडचा. तिकडे अमेरिकेत गोऱ्यांची आपसात जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना तिकडची रुई मिळेना, आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला असे दिवस आले की लोक घरातल्या जुन्या गाद्या उसवून बाजारात आणू लागले. त्या काळात मी अमरावतीत एका शेठच्या आवारात पारखी होतो. गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर बाहेर काढायचा, दोन बोटांत धागा ओढायचा आणि सांगायचं, बरा की वाईट. शेठचा देवावर होता तेवढा विश्वास माझ्या बोटांवर होता.

त्या आवारात एकच कायदा होता, विस्तव बंद! एक ठिणगी पडली तर सगळं आवार गेलं. फाटकापाशी तुळसाबाई माळीण वांगी-मिरच्या घेऊन बसायची. येणाऱ्या प्रत्येक गाडीवानानं आपली चिलीम आणि चकमक तिच्या टोपलीत ठेवायची आणि मगच बैल आत हाकायचे. वर वांगी, खाली चिलमी. जाताना मागून घ्यायची. बाई पन्नाशीची होती, अंगानं सुपारीएवढी आणि आवाजानं पाटलीण.

एवढं करूनही एखादा कमरेला चिलीम खोचून आत शिरायचाच. त्याच्यासाठी बोंडी होती. तांबूस रंगाची, एका कानाचं टोक तुटलेली कुत्री. आवारातच, कापसाच्या ढिगाशेजारी जन्मली म्हणून बोंडी. तिला कुणी काही शिकवलं नव्हतं, पण धुराचा वास आला की ती असं आवार डोक्यावर घ्यायची की चिलीमवाला स्वतःच पाया पडत बाहेर जायचा.

*

दिवाळी सरली होती आणि गाड्यांची रांग पार नाक्यापर्यंत गेली होती. कुणाचा तरी बैल बुजला, रिकामी गाडी मागं सरली आणि बोंडीचा मागचा खुबा चाक आणि फाटकाचा दगड यांच्यात सापडला. ती ओरडली ते मला आजही आठवायला नको वाटतं.

आमचा भिकाजी जमादार तसा वाईट माणूस नव्हता. पण त्याला हुकूम आवडायचे. लंगडं जनावर आवारात ठेवायचं नाही, हा त्याचा हुकूम. लंगड्या बैलाला तो मालकाच्या घरी पाठवायचा. लंगड्या कुत्र्याला मालक नसतो. त्याच्यासाठी जमादाराच्या कोनाड्यात कुचल्याच्या विषारी बिया होत्या. भाकरीत कुटून घातल्या की काम झालं. तासाभरात तो भाकरी घेऊन हजर!

तुळसाबाई बोंडीपाशी बसून तिचा खुबा चाचपत होती.

"हाड मोडलं नाही," ती म्हणाली. "सुजला हाय. दुखून राह्यलं तिले."

"म्हणून तं आणलं," जमादार भाकरी दाखवून म्हणाला. "दुखणंच संपते."

"मंग तुही कंबर दुखते तवा तूच खात जाय ना!"

मी तेव्हा सात गाड्या पाहून आठवीकडे निघालो होतो. मी वळलो, फाटकाशी आलो आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिलो.

"जमादार," मी म्हणालो, "बोंडीले कुचला देला, तं हे हात आजपासून कापसात जाणार नाहीत."

गाड्या थांबल्या. गाडीवान ओरडायला लागले. गोंधळ ऐकून शेठ ओसरीवरून खाली उतरला. त्यानं माझ्या बांधलेल्या हातांकडे पाहिलं, मग नाक्यापर्यंतच्या रांगेकडे पाहिलं. शेठ हुशार माणूस.

"गुढीपाडव्यापर्यंत राहू दे," तो म्हणाला. "पाडव्याले कुत्री सरळ चालली, तं ठेवा. लंगडली, तं जमादार आपलं काम करन. मंग पुंजाजी, तू मधी पडशीन नाही."

"कबूल," मी म्हणालो.

तुळसाबाई मात्र कबूल म्हणाली नाही. तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी ती म्हणाली नसती.

*

दुसऱ्याच दिवशी जमादारानं एका डाग देणाऱ्याला आणलं. त्याचं म्हणणं, शेठनं मुदत दिली आहे तर उपायही झाला पाहिजे, उगीच बोट दाखवायला जागा नको. आमच्याकडे बैलाचा खांदा उतरला, डाग. म्हशीचं पोट फुगलं, डाग. माणसाला कावीळ झाली, त्यालाही डाग! तो म्हातारा लोखंडी सळई घेऊन आला आणि म्हणाला, "विस्तव कुठं पेटवू?"

आता झाली पंचाईत. आवारात विस्तव बंद! आणि बोंडीला उचलून बाहेर न्यावं तर तुळसाबाई टोपली घेऊन आडवी बसलेली. "हलवाची नाही तिले. दोन दिवस हलवाची नाही. ओलं फडकं अन् सावली, बस."

शेवटी म्हाताऱ्यानं बाहेर रस्त्यावर शेणकुटं पेटवली, सळई लाल केली आणि ती हातात धरून फाटकातून आत धावत निघाला. दोन्ही बाजूंना कापसाचे ढीग! त्याला पाहून जमादाराचाच धीर सुटला. "आग! आग! विस्तव आणला रे आत!" असं ओरडत त्यानं स्वतःच पाण्याची घागर म्हाताऱ्याच्या अंगावर रिकामी केली.

आणि बोंडी, जी कालपासून मान उचलत नव्हती, ती जागच्या जागी त्या सळईवर भुंकत सुटली.

म्हातारा निथळत म्हणाला, "जमादार, हे कुत्रं तं औषधालेच भुकून राह्यलं!"

"तिले समजते," तुळसाबाई म्हणाली. "तुमाले दोघाईले समजाचं हाय अजून."

*

ज्या बैलाची गाडी मागं सरली होती तो उकंडा गाडीवानाचा होता. उकंडा सहा फुटी गडी. बोंडीला पाहिलं की त्याचे डोळे भरून यायचे. आपल्यामुळे झालं, हे त्याच्या मनाला लागलं होतं.

उकंड्याला अफूची सवय होती. लांबच्या वाटेवर गाडीवान घेतातच, बाया रडक्या लेकरांनाही चाटवायच्या, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. चौथ्या दिवशी मी दुपारी फाटकाशी आलो तर बोंडी गाढ झोपलेली आणि उकंडा शेजारी बसून तिच्या डोक्यावरून हात फिरवतोय. चेहऱ्यावर समाधान.

"पाय ना पुंजाजीभाऊ! रातदिवस कण्हत होती माय माही. आता कशी शांत झोपली."

तेवढ्यात एक नवखा गाडीवान पेटती चिलीम ओंजळीत लपवून आत आला. बोंडीच्या नाकासमोरून गेला. तिनं एक डोळा अर्धा उघडला, त्याचा हात चाटला आणि पुन्हा मान टाकली.

तुळसाबाईनं आधी त्या माणसाची चिलीम हिसकून घागरीत बुडवली आणि मग उकंड्याकडे वळली.

"काय देल्लं तिले?"

"थोडीशी अफू. मी खातो त्याच्या अर्धीच!"

"तू केवढा? ते केवढं?"

उकंड्यानं बोंडीवरचा हात मागं घेतला.

"तुले वीस वर्साची सवय. तिनं आज पयल्यांदा खाल्ली. तुह्या देहाले जे झोपवते ते तिले मारते, इतकं समजत नाही तुले?"

बोंडीचा श्वास इतका सावकाश चालला होता की मध्येच थांबला असं वाटायचं. तुळसाबाईनं तिला कुशीवर वळवलं, तोंड खाली केलं, जीभ मोकळी ठेवली आणि तिच्या बरगड्यांवर हात ठेवून बसली. त्या दिवशी तिनं एक वांगं विकलं नाही. गिऱ्हाईक आलं की नुसती मान हलवायची. दिवस कलायला लागला तेव्हा बोंडी उठून ओकली, आणि मला इतका आनंद झाला की तो सांगायची आज लाज वाटत नाही.

उकंडा लहान पोरासारखा रडत होता. "मी वाईट नाही केलं वो बाई. तिचं दुखणं पाहावलं नाही मले."

"ठाव हाय," तुळसाबाई म्हणाली. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "म्हणून तुले मारलं नाही."

पण त्याची चिलीम मात्र तिनं पुढचे आठ दिवस परत दिली नाही.

*

आता तुम्ही म्हणाल, मग त्या बाईनं केलं तरी काय? काही नाही. म्हणजे बघणाऱ्याला काही केल्यासारखं वाटेल असं काही नाही.

पहिले काही दिवस थंड ओलं फडकं. सूज उतरल्यावर शेक. आता शेकाला विस्तव लागतो आणि आवारात विस्तव बंद! तुळसाबाईनं सरकी घेतली, म्हणजे कापसातून निघालेलं बी. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात ते बांधून लांबट पोटली केली आणि फाटकाच्या काळ्या दगडावर उन्हात ठेवून दिली. आमच्या वऱ्हाडातलं ऊन! थंडीच्या दिवसातही दोन घटकांत पोटली छान तापायची. मग ती आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायची, तिथं सोसवली तरच बोंडीच्या खुब्यावर ठेवायची. निवली की पुन्हा दगडावर. दिवसातून तीनदा. मधल्या वेळात बोंडीनं उडी मारायची नाही, धावायचं नाही, फाटकापासून विहिरीपर्यंत सावकाश चालायचं आणि परत यायचं. रोज चार पावलं जास्त.

जमादार येता-जाता हसायचा. "विस्तव नाही, औषध नाही, मंत्र नाही! मंग बरी काहून होईन?"

ती पोटली उचलून मनगटाला लावायची.

एक दिवस दुपारी पोटली दगडावरून गायब! तुळसाबाईनं सगळ्या आवाराला फैलावर घेतलं. हमालांना झाडलं, उकंड्याच्या गाडीतलं गवत उपसलं. मी जमादाराला विचारावं म्हणून त्याच्या खोलीत गेलो. भिकाजी जमादार पालथा पडलेला, डोळे मिटलेले, आणि कमरेवर पोटली!

माझ्या मागून तुळसाबाई आलीच. जमादार धडपडत उठला. म्हणाला, "मी तं पाहून राह्यलो होतो, कुत्रीले भाजते का काय ते."

"मंग? भाजते?"

"नाही," जमादार खाली पाहून म्हणाला. "बरं वाटते."

"जनावराचं हे औषध माणसाले चालते," ती पोटली उचलत म्हणाली. "तुमचं तिले चालत नाही. तुमाले उद्या दुसरी करून देतो."

आणि खरंच करून दिली! त्याची जरा मोठी होती.

*

पौषात थंडी पडली तशी बोंडी सकाळी उठताना पुन्हा कण्हायला लागली. गार जमीन खुब्याला बाधते, असं म्हणत तुळसाबाईनं तिच्यासाठी गादी केली. आवार झाडताना निघालेली मातकट रुई, पानाचा चुरा वेचून काढलेली. ती गोणपाटात भरली आणि फाटकाच्या आडोशाला अंथरली.

ते दिवस लक्षात घ्या. रुईचा एक पुंजका वाऱ्यानं उडाला तर चार माणसं त्याच्यामागं धावत. आणि इथं कुत्री रुईच्या गादीवर पसरलेली! शेठनं पाहिलं आणि त्याचा चेहरा लाल झाला.

"अवो बाई! तिकडं साऱ्या विलायतेले रुई पुरत नाही, अन् इथं कुत्रीले गादी?"

तुळसाबाई मिरच्या निवडत होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.

"विलायतेचा खुबा दुखते काय?"

शेठ तसाच ओसरीवर निघून गेला.

*

उकंडा अधूनमधून अकोल्याच्या फेऱ्या करायचा. रेल तिकडे येणार, रूळ टाकायचं काम चालू आहे, म्हणून तिथल्या बाजारात माणसांची दाटी झाली होती. तिथं बसून आमचा हा गडी बोंडीच्या गोष्टी सांगायचा. आणि सांगणार कशा? "मेलेली कुत्री सरकीनं उठून बसली!"

पुढच्या फेरीला तो आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. त्याचं ऐकून अकोल्याच्या एका दुकानदारानं आपल्या लंगड्या कुत्र्याला पसाभर सरकी शिजवून गुळाशी चारली होती! बैल खातात, म्हशी खातात, मग कुत्र्यानं काय पाप केलं? कुत्रं दोन दिवस ओकत होतं. वाचलं, पण दुकानदार उकंड्याच्या नावानं शिमगा करत होता.

तुळसाबाईनं कपाळावर हात मारला. "लावाले सांगतलं तं चारली! उद्या यायले पायाचं मलम सांगतलं, तं भाजीत टाकतीन."

"मंग मी काय सांगू त्याईले?" उकंडा म्हणाला.

"काही नोको सांगू! तुले जे अर्धं समजते ते तुह्यापाशीच ठेव."

उकंड्यानं तेवढ्यापुरती मान डोलावली. पण पुढच्या खेपेला त्यानं त्या दुकानदारासाठी दोन पोटल्या शिवून नेल्या, आणि त्या तुळसाबाईनंच शिवल्या होत्या.

*

मग साहेबाचा किस्सा. मुंबईच्या कुठल्याशा गोऱ्या पेढीसाठी माल घेणारा एक साहेब चिखलदऱ्याची हवा खाऊन खाली उतरला आणि अमरावतीबाहेर तंबू ठोकून राहिला. त्याच्याजवळ एक पांढरी, मांजराएवढी कुत्री होती. ती पुढचा पाय उचलून चालत होती आणि कुणी हात लावला की चावत होती. आमच्या जमादारानं, हो, जमादारानंच, साहेबाला सांगितलं की आमच्या फाटकावर एक बाई आहे.

साहेबाचा शिपाई बोलवायला आला. तुळसाबाई म्हणाली, "माही वांगी सुकतात. दुखणं कुत्रीचं हाय, तं कुत्री इकडं आण."

शिपाई पांढरा पडला. आम्हीही पडलो. पण तासाभरात साहेब घोड्यावरून आला, कुत्री काखेत!

साहेबानं खिशातून एक काळी बाटली काढली. म्हणाला, "हम खुद लेता है. दाँत का दर्द एकदम बंद. इसको देगा, फिर तुम पाँव देखो."

तुळसाबाईनं बाटली हातात घेतली, बूच काढून हुंगली. उकंड्याकडे एकदा पाहिलं. उकंड्यानं मान खाली घातली.

"साहेब, तुमचा दात आता दुखते काय?"

"थोडा थोडा."

"मंग तुमीच घ्या. तिले नाही." आणि तिनं ती बाटली टोपलीत, चिलमींच्या शेजारी, वांग्यांखाली ठेवून दिली! "जाताना मागून घ्या."

साहेबाचे डोळे विस्फारले. मला वाटलं, आता बाईसकट आम्ही सगळे चौकीत. पण तोवर तिनं त्या कुत्रीच्या तोंडाभोवती मऊ फडकं बांधलं होतं, पाय उन्हात कोमट झालेल्या मिठाच्या पाण्यात धरला होता आणि बोटांच्या बेचक्यातून बाभळीचा अख्खा काटा ओढून काढला होता. तिनं तो साहेबाच्या तळहातावर ठेवला.

"दुखणं झोपवलं असतं, तं हा आत पिकला असता. दुखते म्हणून तं सापडला!"

साहेबानं तो काटा उजेडात धरून पाहिला. मग त्यानं कागद मागवला, उभ्याउभ्या इंग्रजीत काहीतरी खरडलं, खाली सही केली आणि तिला दिला. सर्टिफिकेट! त्या काळात असल्या कागदासाठी लोक साहेबांच्या दारात महिनोन् महिने बसत.

दुसऱ्या दिवशी मी मिरच्या घेतल्या. तिनं त्या ज्यात बांधून दिल्या तो साहेबाचा कागद होता.

"अवो तुळसाबाई! हे काय केलं?"

"कागद चांगला हाय भाऊ," ती म्हणाली. "मिरची दमट होत नाही."

*

फाल्गुन सरत आला. बोंडी आता दुपारी अगदी सरळ चालायची. तिचं दुखणं राहिलं होतं ते फक्त गार सकाळी. उठली की पहिली घटकाभर मागचा पाय ओढायची, ऊन लागलं की मोकळी. पाडव्याला चार दिवस होते आणि मी मनात एकच धरून होतो, त्या दिवशी शेठ दुपारी खाली उतरला म्हणजे झालं.

त्या सकाळी साहेब माल ताब्यात घ्यायला आला होता. आवाराच्या मधोमध सगळ्यात मोठा ढीग होता, वेचलेला, सरकीसकटचा कापूस. मीच तीन दिवसांपूर्वी तो पाहून बरा म्हटला होता. शेठ साहेबाला घेऊन ढिगाशी आला तर त्यावर बोंडी! पोट टेकून, डोळे मिटून, दुखरा खुबा कापसात रुतवून पडलेली.

"जमादार!" शेठ ओरडला.

जमादार तिला हुसकायला चढला. ती उठेना. त्यानं तिच्या पोटाखाली हात घातला आणि झटकन मागं घेतला.

"पुंजाजीभाऊ," तो हळूच म्हणाला, "इथं हात घाल बरं."

मी कोपरापर्यंत हात घातला. वर कोरडा, आत ओला. आणि गरम! बाळंतिणीच्या खोलीत असते तशी ऊब. ओला कापूस सरकीसकट दडपून ठेवला की आतल्या आत तापतो, हे आवारातलं लहान पोरही सांगेल. मी पाहिल्यानंतर कुणीतरी त्यात पाणी मारलं होतं. वजन वाढावं म्हणून. कुणाच्या सांगण्यावरून, ते शेठच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

साहेब माझ्याकडे पाहत होता. "पारखी, बोलो."

माझी नोकरी माझ्या जिभेवर होती. शेठचे डोळे माझ्यावर होते. मला भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त राग आला. माझ्या बोटांनी बरा म्हटलेल्या कापसात यानं पाणी ओतलं होतं!

"मी पायला तो कापूस कोरडा होता साहेब," मी म्हणालो. "हा ओला हाय."

साहेबानं स्वतः हात घातला, रुमालाला पुसला आणि बूट वाजवत निघून गेला. सौदा मोडला. शेठ थरथरत होता. मला काढणं त्याला परवडणारं नव्हतं. मोसम संपला नव्हता, बाहेर गाड्या उभ्या होत्या आणि दुसऱ्या पारख्यावर आता कुठलाच साहेब विश्वास ठेवणार नव्हता. मग राग काढायचा कुणावर? बोंडी ढिगावरून उतरत होती. थंडीनं आखडलेला पाय ओढत.

"लंगडते!" शेठ ओरडला. "पाडवा गेला खड्ड्यात! जमादार, उद्या सकाळी या आवारात जे लंगडं दिसन, त्याले कुचला. ही माही आर्डर हाय. ऊन पडाची वाट पायाची नाही. अन् कोणी मधी आलं, तं त्याचं काम बंद!"

फाटकावर तुळसाबाई उभी होती. बोंडी तिच्यापाशी जाऊन बसली. बाईनं खाली बसून तिचा खुबा चाचपला.

*

आता त्या सकाळचं सांगतो.

मी आवारात पोचलो तेव्हा ऊन पडलं नव्हतं. फाटकाबाहेर तुळसाबाई बोंडीला मांडीशी घेऊन बसलेली. घरच्या चुलीपाशी तापवलेल्या तीन पोटल्या तिनं घोंगडीत गुंडाळून आणल्या होत्या. एक निवली की दुसरी. मनगटाला लावायची, मग खुब्यावर ठेवायची.

"किती वेळ लागन बाई?" मी विचारलं.

"मले नोको विचारू. तिच्या पायाले विचार."

तेवढ्यात उकंड्याची गाडी आली. उकंडा खाली उतरला आणि लंगडत लंगडत आत गेला.

"काहून रे?" मी विचारलं.

"बैलानं पाय देल्ला," तो म्हणाला आणि पुढं गेला.

त्याच्यामागून सरकी काढणाऱ्या बाया आल्या. पंधरा बाया, आणि पंधराही लंगडत! कुणाच्या टाचेत काटा, कुणाच्या पायाला गोळा. मग हमाल. मग अकोल्याहून आलेले दोन गाडीवान, ज्यांना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, तेही लंगडत! कुणी ठरवलं, कधी ठरवलं, मला ठाऊक नाही. मी कुणाशी बोललो नव्हतो. पण फाटकातून आत पाऊल टाकलं तेव्हा माझाही डावा पाय दुखू लागला होता.

शेठ ओसरीवर आला. आवारात शंभरेक माणसं उभी होती आणि जो तो एका पायावर जोर देऊन. नाक्यापर्यंत गाड्यांची रांग. कुणी हसत नव्हतं.

सगळ्यात शेवटी भिकाजी जमादार आला. एका हातात फडक्यात बांधलेली भाकरी, दुसरा हात कमरेवर, आणि चाल लंगडी.

"जमादार," शेठ म्हणाला, "आर्डर काय होती?"

"जे लंगडं दिसन त्याले, शेठजी."

"मंग पाहून काय राह्यला?"

त्याच वेळी फाटकातून बोंडी आत आली. शेपटी वर, पाठ सरळ, चारही पाय जमिनीवर बरोबर पडत. कुणाकडे न बघता ती माणसांच्या दोन ओळींमधून निघाली ती थेट ओसरीच्या पायरीपाशी जाऊन उभी राहिली.

जमादारानं तिच्याकडे पाहिलं. मग हातातल्या भाकरीकडे पाहिलं. मग त्या शंभर माणसांवरून सावकाश नजर फिरवली.

"शेठजी, कोणापासून सुरू करू?" तो म्हणाला. "कुत्रं सोडून सारेच लंगडे हायेत."